बँक मर्ज झाली. पैसा तिथंच हाये, पण बाकीचं?

रिद्धपूरवरून बोलतोय, म्हणजे इथं लिहितोय. हा आपल्या या वेळच्या एपिसोडचा लिखित भाग. रेकॉर्डिंगमध्ये मागं ट्रॅक्टरचा आवाज येतो त्याबद्दल माफी, गावातून वर्क फ्रॉम होम म्हटलं की तेवढं चालायचंच. ज्यांनी ऐकलाय त्यांनीही वाचा, कारण बोलताना दोन-तीन तारखा विसरलो होतो, त्या इथं टाकल्यात.

विषय आजीनं दिला. तिचं खातं ग्रामीण बँकेत आहे. एक दिवस पासबुक घेऊन आली आणि म्हणे, "काहून रे बापू, आपली बँक दुसऱ्या बँकेत गेली म्हनते. त माहा पैसा कुठी गेला?"

"पैसा तिथंच हाये वं आजी. फक्त पाटी बदलली."

"पाटी बदलली त मानूस बी बदलला असन ना!"

आता मी बीटेक केलेला, दिवसभर सर्व्हर आणि डेटाबेसमध्ये डोकं घालून बसणारा माणूस. पण याला माझ्याकडं पटकन उत्तर नव्हतं. आजीचा प्रश्न दोन भागांत आहे, बघा. पैसा कुठं गेला, आणि मला ओळखणारा कुठं गेला. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी हा एपिसोड.

आधी झालं काय ते सांगतो. १ मे २०२५ पर्यंत महाराष्ट्रात दोन ग्रामीण बँका होत्या. एक विदर्भ कोकण ग्रामीण बँक, मुख्यालय नागपूर, पाठीशी बँक ऑफ इंडिया. दुसरी महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, पाठीशी बँक ऑफ महाराष्ट्र. केंद्रानं 'एक राज्य, एक ग्रामीण बँक' असं धोरण घेतलं आणि १ मे पासून दोन्हींची मिळून एकच झाली. नाव महाराष्ट्र ग्रामीण बँक, मुख्यालय छत्रपती संभाजीनगर, पाठीशी बँक ऑफ महाराष्ट्र. तारीखही बघा, महाराष्ट्र दिन! त्याच दिवशी देशभरातल्या ग्रामीण बँका ४३ वरून २८ वर आल्या.

ग्रामीण बँक म्हणजे नेमकं काय, हे आपल्या पिढीला फारसं माहीत नसतं. २६ सप्टेंबर १९७५ ला अध्यादेश निघाला आणि २ ऑक्टोबरला पहिल्या पाच ग्रामीण बँका सुरू झाल्या. कल्पना अशी की मोठ्या बँकेकडं पैसा आणि शिस्त आहे, पण गावची ओळख नाही. सहकारी संस्थेकडं ओळख आहे, पण पैसा आणि शिस्त कमी पडते. मग दोन्ही एकत्र आणणारी एक छोटी बँक काढा, जिचं क्षेत्र चार-दोन जिल्ह्यांचंच असेल. भांडवल ५० टक्के केंद्राचं, १५ टक्के राज्याचं आणि ३५ टक्के पाठीशी असलेल्या मोठ्या बँकेचं. एके काळी अशा १९६ बँका होत्या. २००५ पासून त्या एकमेकींत मिसळायला लागल्या आणि १९६ च्या आता २८ राहिल्या.

आपल्या भागातली साखळी तर मजेशीर आहे. वऱ्हाडात विदर्भ क्षेत्रीय ग्रामीण बँक होती, मुख्यालय अकोला. दुसरीकडं वैनगंगा कृष्णा ग्रामीण बँक होती. नावातच दोन नद्या, म्हणजे तीही आधीच्या विलीनीकरणातूनच आलेली. २०१३ मध्ये या दोघी मिळून विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली आणि मुख्यालय नागपूरला गेलं. २०२५ मध्ये तेही गेलं. म्हणजे बारा वर्षांत आजीच्या बँकेचा सगळ्यात मोठा साहेब अकोल्याहून नागपूरला आणि तिथून संभाजीनगरला पोचला. नावंही बघा, आधी नदीची, मग विभागाची, मग अख्ख्या राज्याची.

आता एक गंमत, जी फक्त आमच्यासारख्या कोड वाचणाऱ्या लोकांना दिसते. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, शेवटची सहा शाखेची. विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या खातेदारांना जो कोड सांगितला जायचा, त्याची पहिली चार अक्षरं बँक ऑफ इंडियाची होती. आणि शेवटची सहा? डब्ल्यू, ए, आय, एन, जी, बी. म्हणजे वैनगंगा ग्रामीण बँक! पाटीवरून वैनगंगा कधीच गेली होती, पण कोडमध्ये ती वाहत राहिली. सिस्टिममध्ये जुनी नावं अशीच राहतात, कारण ती काढायला गेलं की कुठं काय तुटेल याचा भरवसा कोणी देत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

मग हा सगळा खटाटोप काहून? प्रामाणिकपणे सांगतो, कारणं खोटी नाहीत. चार जिल्ह्यांची बँक असली की तिचे सगळे कर्जदार एकाच पावसावर जगतात. कपाशीवर बोंडअळी आली की सगळ्यांवर येते. मोर्शी-वरुडकडं संत्र्याची फळगळ झाली की सगळ्यांचीच कर्जं एकदम अडकतात. क्षेत्र मोठं असलं की एका भागातला फटका दुसरा भाग सांभाळून घेतो. दुसरं कारण आमच्या धंद्यातलं. कोअर बँकिंगची यंत्रणा, सायबर सुरक्षा, यूपीआय चालू ठेवणारी टीम यांचा खर्च शाखा कमी आहेत म्हणून त्या हिशोबात कमी होत नाही. छोट्या बँकेला तो जड जातो. सर्व्हर डाऊन झाला की आपण बँकेला शिव्या देतो, पण तो डाऊन का होतो याचं अर्धं उत्तर इथं आहे.

आणि एक कारण याहून जुनं आहे. ते आपल्या अकोल्याचंच आहे.

१९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली. त्याच वर्षी केरळमधली पलाई सेंट्रल बँकही गेली. तेव्हा ठेवीला विमा नव्हता. बँक बुडाली म्हणजे लिक्विडेटर बसणार, मालमत्ता विकणार, आणि जे उरेल त्यातून जेव्हा मिळेल तेव्हा मिळेल. या दोन बँकांमुळं देशात दोन मोठे बदल झाले. एक म्हणजे ठेव विम्याचा कायदा. १ जानेवारी १९६२ पासून विमा सुरू झाला, तेव्हा मर्यादा १,५०० रुपये. दुसरा बदल असा की १९६० मध्येच कायद्यात दुरुस्ती करून रिझर्व्ह बँकेला अधिकार मिळाला. एखादी बँक बुडायला लागली की सरकारकडून तिच्या व्यवहारांना स्थगिती मागायची, आणि त्या मुदतीत तिला दुसऱ्या चांगल्या बँकेत मिसळून टाकायचं. त्यानंतर विलीनीकरणांचा धडाका लागला. १९५१ मध्ये देशात ५६६ बँका होत्या, १९६९ पर्यंत ८९ राहिल्या.

म्हणजे आज आपण सहज जिला 'मर्जर' म्हणतो, ती गोष्ट इतक्या जोरात सुरू होण्यामागं अकोल्यातल्या ठेवीदारांचा तो फटका आहे. मला हे कॉलेजमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. अमरावती-अकोल्यातल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे. तुमच्या घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर विचारून बघा, आणि काही आठवण निघाली तर व्हॉइस नोट पाठवा.

तो अधिकार पुढं कसा वापरला गेला ते बघा. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक, १९३६ ची. २ सप्टेंबर २००६ ला तिच्यावर स्थगिती आली आणि ३ ऑक्टोबरला ती आयडीबीआयमध्ये गेली. एका महिन्यात विषय संपला. तमिळनाडूची लक्ष्मी विलास बँक तर याहून जलद. १७ नोव्हेंबर २०२० ला स्थगिती, २५,००० रुपयांच्या वर काढता येईना, आणि २७ नोव्हेंबरला ती डीबीएस बँकेत विलीन. ठेवीदारांचे पैसे वाचले. शेअरवाल्यांचं मूल्य मात्र शून्य झालं. १९६० च्या लक्ष्मीत आणि २०२० च्या लक्ष्मीत फरक तो एवढा.

पण दर वेळी असं गोड होत नाही. मुंबईच्या पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले आणि विलीनीकरण व्हायला जानेवारी २०२२ उजाडलं. मोठ्या ठेवी असलेल्यांना सगळी रक्कम परत मिळायला १० वर्षांपर्यंतची मुदत पडली. म्हणून 'मर्जर झालं ना, मग काय टेन्शन' असं सरसकट म्हणू नका. बुडणारीला वाचवायचं मर्जर वेगळं आणि दोन चालत्या बँका एकत्र करायचं मर्जर वेगळं. आजीचं दुसऱ्या प्रकारातलं. तिची ठेव, व्याजाचा ठरलेला दर, कर्ज, सगळं जसंच्या तसं नव्या बँकेच्या नावावर जातं. साधारणपणे एफडीची मुदत संपेपर्यंत जुनाच दर चालतो, नूतनीकरणाला नवा दर लागतो.

सरकारी मोठ्या बँकांचं पटकन सांगून पुढं जातो, त्यावर यूट्यूबवर ढिगानं व्हिडिओ आहेत. २०१७ मध्ये स्टेट बँकेनं आपल्या पाच सहयोगी बँका आणि महिला बँक पोटात घेतली. २०१९ मध्ये देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या. १ एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, दहा बँकांच्या चार झाल्या. २७ सरकारी बँका होत्या, आता १२.

आता माझ्या आवडीचा भाग. मर्जरच्या रात्री सर्व्हरवर काय होतं?

पहिली गोष्ट म्हणजे मर्जरच्या दोन तारखा असतात. एक कागदावरची, दुसरी सिस्टिमची. बँक ऑफ बडोदाचं कागदावरचं मर्जर १ एप्रिल २०१९ चं. पण देना-विजयाच्या सगळ्या शाखा एका सिस्टिमवर यायला डिसेंबर २०२० उजाडला. मधल्या काळात पाटी नवी, आत इंजिन जुनं. लोक गोंधळतात ते इथंच. बातमीत वाचतात की बँक एक झाली, आणि काउंटरवर ऐकतात की तुमचं खातं या शाखेत दिसत नाही. दोन्ही खरं असतं.

दुसरी गोष्ट, खातं हलवणं सोपं, माणूस हलवणं अवघड. मी बँकेच्या मायग्रेशनवर काम केलेलं नाही, पण विम्याच्या डेटाचं एक मायग्रेशन केलंय. शिल्लक जुळवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. या बाजूची बेरीज, त्या बाजूची बेरीज, एका पैशाचा फरक असला तरी गाडी पुढं जात नाही. डोकं जातं ते 'हा आणि तो एकच माणूस आहे का' यावर. एका बँकेत नाव आडनावासकट, दुसरीत नुसतं वडिलांच्या नावासकट. एकीकडं जन्मतारीख १ जून, दुसरीकडं खरी. (गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहिलेले किती जण आहात, हात वर करा.) दोन कस्टमर आयडी एकाच माणसाचे आहेत हे सिस्टिमनं ओळखलं नाही तर त्रास, आणि दोन वेगळ्या माणसांना एक समजलं तर त्याहून मोठा त्रास.

रिद्धपूरकरांना हे नवीन वाटू नये. म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथंच सिद्ध केलं. मूळ पोथी पुढं हरवली आणि लोकांनी आपापल्या आठवणीतून ती परत उभी केली, असं परंपरा सांगते. म्हणून तर एकाच लीळेचे इतके पाठभेद. एक रेकॉर्ड, अनेक प्रती, प्रत्येकीत थोडा फरक, आणि खरी कोणती यावर वाद. आमच्या भाषेत याला डेटा रिकन्सिलिएशन म्हणतात, पगार मिळतो त्याचा!

आता घरचा किस्सा. बँकेचं नाव घेणार नाही. बाबांचं एक खातं २०२० नंतर मर्ज झालेल्या बँकेत होतं. त्यातून विम्याचा हप्ता आपोआप कटायचा, वर्षानुवर्षं. मर्जरनंतर त्यांचे दोन कस्टमर आयडी एकत्र केले गेले, नावात फरक सापडला, आणि केवायसी अपुरी म्हणून खातं गोठवलं. पैसे होते, पण हप्ता परत गेला. एसएमएस आला असेल, पण तो बाबांच्या जुन्या नंबरवर, जो त्यांनी कधीच बंद केला होता. दुसरा हप्ताही परत गेला. पॉलिसी लॅप्स झाल्याचं आम्हाला कळलं ते एजंट लग्नात भेटला तेव्हा. मग व्याज भरा, तब्येतीचा फॉर्म भरा, बाबांनी तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, तुमचं रेकॉर्ड तर बरोबर आहे." हो, रेकॉर्ड बरोबरच होतं. हे सगळं चाललं तेव्हा मी, घरातला इंजिनिअर, कंपनीत बसून दुसऱ्यांचा डेटा जुळवत होतो. हे अजून टोचतं.

जुनं खात्याशी जोडलेलं काय-काय आहे हे बँकेला पूर्ण माहीत नसतं. बँकेला शिल्लक माहीत असते. हप्ते, गॅसची सबसिडी, पीएम किसान, लाडकी बहीण, पेन्शन, म्युच्युअल फंडाचा एसआयपी, हे सगळे बाहेरून त्या खात्याला लटकलेले धागे आहेत. मर्जरमध्ये खातं उचलून नव्या घरात ठेवतात, बहुतेक धागे सोबत येतात, एखादा तुटतो. आणि तुटल्याचा आवाज येत नाही.

यात आधारचा धागा वेगळा समजून घ्या, गावात सगळ्यात जास्त गोंधळ याचाच. सरकारी योजनेचा पैसा बऱ्याचदा खाते नंबरवर येत नाही, आधारवर येतो. एनपीसीआयकडं एक यादी असते, त्यात तुमच्या आधारसमोर एकच बँक लिहिलेली असते. तुमची चार खाती असू द्या, पैसा त्या एकाच बँकेत जाणार, जिथं शेवटचं सीडिंग झालं. मर्जर झालं की त्या यादीतही जुन्या बँकेच्या जागी नवी यावी लागते. ती आली का, हे मायआधारच्या साइटवर ओटीपी टाकून दोन मिनिटांत दिसतं. आजीचं मी तिथंच ओट्यावर बसून बघितलं. तिला वाटलं मी गेम खेळतोय.

अजून एक गोष्ट, जी सहसा कोणी सांगत नाही. ठेवीला ५ लाखांचा विमा असतो (४ फेब्रुवारी २०२० आधी तो १ लाख होता). पण तो एका माणसाला एका बँकेत ५ लाख, व्याज धरून. समजा तुमच्या काकांचे एका बँकेत ४ लाख आणि दुसरीत ४ लाख होते, तर आठही लाख सुरक्षित. त्या दोन बँका एक झाल्या की आठ लाख एकाच बँकेत, आणि विमा ५ लाखांचाच. काकांनी काही केलं नाही, तरी ३ लाख छत्रीच्या बाहेर आले. सरकारचा हात असलेली बँक बुडायची भीती फार नाही, मान्य. पण छोट्या सहकारी बँकांत ठेवी असतील तर हे गणित नक्की करा.

शेतकऱ्यांच्या घरच्यांसाठीही एक. एका बँकेत पीक कर्ज थकीत आणि दुसरीत ठेव, हे आपल्याकडं चालतं. दोन बँका एक झाल्या की दोन्ही एकाच स्क्रीनवर येतात. ठराविक अटींवर ठेवीतून थकबाकी वळती करायचा हक्क बँकेला असतो. दर वर्षीचं नवं-जुनं करायला जाण्याआधी दोन्ही खात्यांचा हिशोब घरी करून जा.

आता आजीच्या दुसऱ्या प्रश्नाकडं. मानूस बदलला का?

ग्रामीण बँकेचा जुना मॅनेजर कर्ज देताना सातबारा बघायचा, पण त्यासोबत त्याला हेही माहीत असायचं की या माणसाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं की नाही, आणि मागच्या वर्षी याचा हप्ता चुकला तो पोरीच्या दवाखान्यामुळं की पत्त्यांमुळं. ही माहिती कुठल्याच कॉलममध्ये नसते. बँक मोठी झाली की निर्णय वर सरकतो, आणि वरच्या माणसाला फक्त कॉलम दिसतात. सिबिल स्कोअर दिसतो, विहीर दिसत नाही. उलट बाजूही आहे, आणि ती मी लपवणार नाही. ओळखीनं कर्ज मिळायचं तिथं ओळख नसलेल्याला मिळायचं नाही. स्कोअरला निदान जात आणि आडनाव विचारता येत नाही. माझं मत विचाराल तर तंत्रज्ञान एक करा, भांडवल एक करा, पण छोट्या कर्जाचा निर्णय शाखेतच राहू द्या. ४३ च्या २८ करणं हा आकड्यांचा खेळ झाला. मोर्शी तालुक्यातल्या शाखेतल्या साहेबाला अजून किती रुपयांपर्यंत स्वतःच्या सहीनं हो म्हणता येतं, हे मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एपिसोड संपायच्या आत घरच्यांसाठी करायची कामं, पटापट. रजिस्टर मोबाइल नंबर चालू आहे का बघा. केवायसी स्वतःहून अपडेट करा, नावाचं स्पेलिंग आधारसारखं ठेवा. बँकेनं नवा आयएफएससी दिला असेल तर पगार, पेन्शन, एसआयपी सगळीकडं कळवा. खात्यातून काय-काय आपोआप कटतं त्याची यादी करून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि मर्जरनंतरचे दोन-तीन महिने स्टेटमेंट बघा. आणि 'तुमची बँक मर्ज झाली, खातं चालू ठेवायला या लिंकवर क्लिक करा' असा मेसेज आला तर डिलीट. मर्जरचा काळ म्हणजे अशा चोरांचा सुगीचा हंगाम. बँक ओटीपी मागत नाही, मर्जरमध्येही नाही.

आजीचं म्हणाल तर तिला मी शाखेत घेऊन गेलो. पासबुक भरून घेतलं, शिल्लक जुळली. काउंटरवर नवीन मुलगी होती, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली, भाषेवरून कळलं. आजीनं तिला गाव विचारलं, लग्न झालं का विचारलं, जेवायचा डबा कोण देतं ते विचारलं. मागं रांगेत सहा माणसं. बाहेर आल्यावर म्हणे, "पोरगी चांगली हाये. पुढच्या खेपेला तिले संत्रे आनतो."

पुढच्या एपिसोडमध्ये सिबिल स्कोअर. प्रश्न व्हॉइस नोटमध्येच पाठवा, लांबलचक टाइप केलेलं मी वाचत नाही.